कॅप्टनचा पाठचा भाऊ

रविवारी सकाळी वास्वाचा डावा गाल एवढा सुजला होता की त्याच्या बायकोने, नासुनाने, त्याला आरशापाशी जाऊ दिलं नाही. अक्कलदाढ बरेच दिवस कुरकुरत होती. शनिवारी दवाखान्यात ती काढायला घेतली तेव्हा अर्धी चिमट्यात आली आणि अर्धी आतच राहिली. नर्सने इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या आणि बुधवारपर्यंत तोंड उघडायचं नाही असं बजावलं. हीच सूचना एखाद्या सुताराला किंवा शिंप्याला दिली असती तर एक वेळ चाललं असतं. वास्वाचं सगळं पोट तोंडावर होतं.

लुकाया गावात, हमरस्त्याला लागून, त्याची व्हिडिओ शेड होती. पडद्यावरची माणसं इंग्रजीत बोलत आणि वास्वा शेजारी माईक घेऊन बसून ते गावाच्या लुगांडा भाषेत सांगे. नुसतं सांगत नसे. हसे, रडे, दारं आपटल्याचे आवाज काढी, आणि ऐन मारामारीत पुढच्या बाकावरच्या एखाद्याला नावाने हाक मारून, 'तू असतास तर काय केलं असतंस?' म्हणून विचारी. लोक चित्र बघायला येत हे खरं, पण ऐकायला वास्वाला येत.

गेले काही रविवार शेडमध्ये एक अमेरिकन मालिका चालू होती. तिचं नाव लांबलचक होतं. लुकायात तिला सगळे 'जहाज' म्हणत. हे जहाज चांदण्यांच्या मधून जात असे आणि कॅप्टन रॉर्क नावाचा दांडगा गडी ते चालवत असे. मागच्या रविवारी कॅप्टनने इंजिनाच्या खोलीचं दार उघडलं, तर आत कॅप्टन रॉर्कच उभा. तोच चेहरा, तोच कोट. तिथे भाग संपला आणि गावाची झोप उडाली. खाटीक सेकिट्टोचं म्हणणं, आत आरसा होता. नर्सच्या मते कॅप्टनला ताप चढला होता. हायस्कुलात भौतिकशास्त्र शिकवणारे ब्यारुहांगा सर एवढंच म्हणाले की हा काळाशी संबंधित प्रकार आहे, आणि याहून जास्त विचारू नका असा चेहरा करून निघून गेले.

त्यामुळे आजचा खेळ रद्द करणं शक्य नव्हतं. पूर्वी एकदा भर मारामारीत वीज गेली होती, तेव्हा भरपाई म्हणून लोक बाक उचलून घरी घेऊन गेले होते. ते परत मिळवण्यासाठी वास्वाला घरोघर जाऊन चहा प्यावा लागला होता.

"काटोला सांगू या," नासुना म्हणाली. "आवाज तर तोच आहे. लोकांना फरकसुद्धा कळायचा नाही."

वास्वाने मान हलवली, ती होकारार्थी की दुखण्याने हे तिला कळलं नाही. ती निघाली.

काटो वास्वाचा जुळा भाऊ, थोडा वेळ मागून आलेला. नाक, चाल, आवाज, सगळं हुबेहूब. जुळ्यांची आई म्हणून गाव जिला नालोंगो म्हणे, ती म्हातारीसुद्धा पाठमोऱ्या काटोला वास्वा म्हणून हाक मारी. पण दोघांचं फारसं बोलणं नव्हतं. शेड मुळात बापाच्या गाईंची. जाताना बापाने ती दोघांना दिली होती. तेव्हा काटो व्हिक्टोरिया सरोवरातल्या एका बेटावर मासे धरायला गेलेला होता. परत येऊन बघतो तो शेडमध्ये बाक लागलेले आणि वास्वा माईक घेऊन बसलेला. भांडण असं झालंच नाही. काटोने शेडबाहेरच्या फणसाखाली सायकलदुरुस्तीचं दुकान थाटलं आणि शेडमध्ये पाऊल म्हणून टाकलं नाही. बोलणं व्हायचं ते 'आईला भेटून ये' आणि 'पंप जरा दे' एवढंच.

आजारी माणसाला नाही म्हणू नये म्हणून काटो आला. नासुनाला म्हणाला, मला त्या जहाजातलं ओ की ठो कळत नाही, आणि माझं इंग्रजी सातवीत संपलं. तिने सांगितलं की ह्यांनी भाग आधी बघून ठेवलाय, ते समजावतील.

वास्वाने खरंच समजावलं. त्याला सांगायचं होतं ते असं: कॅप्टन आता दोन झालेत. दुसरा खोटारडा आहे, पहिल्याची खुर्ची बळकावायला आलाय, त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही. शेवटी उघडा पडतो तेव्हा तो हात पसरून गयावया करतो. तोंड तर उघडायचं नव्हतं. म्हणून कॅप्टन दाखवायला त्याने स्वतःच्या छातीवर बोट टेकवलं. मग दोन बोटं उभी केली. मग खोटारडा दाखवायला जिभेकडे बोट नेलं, ते गालाला लागलं आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मग त्याने दोन्ही हात पसरून केविलवाणी मुद्रा केली.

काटोने बघितलं ते असं: मी. आपण दोघं. मी खोटं वागलो. अश्रू. माफ कर.

सख्ख्या भावाने जन्मात पहिल्यांदा असं काही केलं होतं. काटोने भावाच्या अंगावरची चादर सारखी केली. "राहू दे," तो म्हणाला. "मला कळलं सगळं. तू आधी बरा हो."

इतक्या लवकर कळलं म्हणून वास्वालाही बरं वाटलं आणि तो उशीला टेकला. हे सगळं कागदावर लिहून द्यावं असं त्या घरात कुणालाच सुचलं नाही. पुढे आठवडाभर ते सगळ्यांना सुचत होतं.

चर्च सुटल्यावर शेड भरली. काटो माईकपाशी बसला. पडद्यावर दोन कॅप्टन एकमेकांकडे बघत उभे होते आणि दुसरा भराभर इंग्रजी बोलत होता. काटोला त्यातलं 'टाइम' आणि 'मी' एवढंच समजलं. बाकांवर चुळबुळ सुरू झाली.

"काय रे, पंक्चर झालास का?" सेकिट्टोने मागून विचारलं.

काटोने घसा साफ केला. दोन सारखी माणसं त्याच्या समोर होती आणि सारख्या माणसांबद्दल त्याला एकच गोष्ट ठाऊक होती.

"हा दुसरा त्याचा भाऊ," तो म्हणाला. "जुळा. पाठचा."

सगळ्या शेडने एकदम श्वास सोडला. इतकं सोपं होतं तर. सेकिट्टोने स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. जुळ्यांच्या गावात राहून आरसा कसला घेऊन बसलो, असं तो शेजाऱ्याला म्हणाला.

पुढे काटोला काही अडलं नाही. दुसऱ्या कॅप्टनने चालकाच्या खुर्चीवर हात ठेवला, तेव्हा काटोने सांगितलं की ही खुर्ची बापाने दोघांना दिली होती. धाकटा कामासाठी दूरच्या ताऱ्यावर गेला होता, परत येऊन बघतो तो थोरला एकटाच ऐसपैस बसलेला. बायका चुकचुकल्या. एवढ्यात रुपेरी केसांची एक बाई पळत आली आणि दोघांच्या मध्ये उभी राहिली. काटोने केस बघितले आणि ही यांची आई म्हणून सांगून टाकलं. ती जहाजाची तरुण इंजिनिअर होती आणि केस तिने हौसेने रंगवले होते, हे वास्वाला माहीत होतं. काटोला ते कळलं, पण जरा उशिरा. पहिल्या कॅप्टनने तिला जवळ ओढून तिच्या ओठांवर ओठ टेकवले तेव्हा.

बाकांवरच्या आयांनी पोरांचे डोळे झाकले. एका म्हातारीने स्वतःच्याच डोळ्यांवर हात घेतला.

"आईचा जीव घाबरा झालाय," काटो घाईघाईने म्हणाला. "थोरला तिला श्वास देतोय."

सगळ्यांनी नर्सकडे बघितलं. नर्स बारकाईने पडद्याकडे बघत होती. असाच देतात, पण नाक दाबायला तो विसरला, असं तिने सांगितलं. लोकांचा जीव भांड्यात पडला. शेवटी दुसऱ्या कॅप्टनने हात पसरले, पहिल्याने बंदूक उगारली आणि भाग संपला. काटोने माईक तोंडाजवळ धरला. "तो म्हणतोय," तो म्हणाला, "मला खुर्ची नको. तू विचारलं असतंस, तर मी उभासुद्धा राहिलो असतो."

अर्धी शेड डोळे पुसत बाहेर पडली.

सोमवारी नासुना सेकिट्टोकडे मटण आणायला गेली, तर त्याने तिला हाडंच हाडं बांधून दिली. तिने विचारलं तेव्हा तो म्हणाला की घरात मांस असून जो भावाला देत नाही, त्याला हाडं पुरतात. नळावर बायका तिच्याशी तुटक बोलल्या. नालोंगो रस्त्याच्या कडेला गोंजाची केळी भाजून बसच्या प्रवाशांना विकत असे. तिच्या शेगडीपाशी ओळखीच्या बायका येऊन बसू लागल्या. तू मध्ये का नाही पडलीस, धाकटा ताऱ्यांतून आला तेव्हा कुठे होतीस, असं विचारू लागल्या. श्वास कोंडला होता ना तुझा, आता बरं आहे का, हेही एकीने विचारलं. नालोंगो आयुष्यात कधी त्या शेडमध्ये गेली नव्हती. तिला एवढंच कळलं की तिच्या मुलांपैकी एकाकडे जहाज आहे आणि ते त्याने तिच्यापासून लपवून ठेवलंय.

खरं काय ते कळावं म्हणून काहींनी ब्यारुहांगा सरांना खाटकाच्या दुकानापाशी गाठलं. सर, तुम्हाला इंग्रजी येतं, तो दुसरा कोण, असं विचारलं. सरांनी सांगितलं की तो भाऊबिऊ कुणी नाही. तो तोच आहे, फक्त उद्याचा.

"म्हणजे उद्याचा माणूस आज आला," सेकिट्टो म्हणाला. "मग उद्या तिथे कोण असणार?"

सरांनी मटणाचं पुडकं या हातातून त्या हातात घेतलं. सेकिट्टोने सुरा खाली ठेवून आणखी विचारलं: आजच्याने उद्याच्याला गोळी घातली, तर आजचा उद्या मरायला जाणार का? आणि आपण उद्या मरणार हे माहीत असताना उद्याचा आज येईलच कशाला? शेवटी सर म्हणाले की खरं सांगायचं तर भाग त्यांनाही नीट समजला नव्हता. काटोने सांगितलं ते निदान समजलं तरी.

ही साक्ष गावभर झाली. मंगळवारी कुळातले वडीलधारे कवेसी आजोबा काठी टेकत वास्वाच्या घरी आले. नालोंगोलाही त्यांनी बोलावून घेतलं होतं. चटईवर बसून त्यांनी सगळ्यांची ख्यालीखुशाली विचारली, गुरांची विचारली, पिकाची विचारली. मग म्हणाले की बापाने दिलेल्या वस्तूवर एकट्याने बसणं बरं नाही आणि भावावर बंदूक उगारणं तर मुळीच बरं नाही. वास्वा डोळे फाडून बघत राहिला. त्याच्याकडे बंदूक नव्हती. हे सांगायला त्याने हात हलवले, ते आजोबांना उर्मटपणाचं वाटलं.

"ते जहाज नक्की कुठे लावलंय?" नालोंगोने विचारलं. "मला एकदा दाखवा तरी."

"तुमच्या शेडमध्येच आहे, नालोंगो," आजोबा म्हणाले, आणि मग थोडा वेळ स्वतःच विचारात पडले.

बुधवारी वास्वाचा जबडा उघडला. गाल अजून जड होता, पण शब्द फुटत होते. तो सरळ फणसाखाली गेला. काटो एक चाक उलटं धरून तारा आवळत होता. दोन दिवस तो भावाची वाटच बघत होता. त्याने बसायला टायर पुढे सरकवला.

"तो भाऊ नाही," वास्वा उभ्या उभ्याच म्हणाला.

"कोण?"

"दुसरा कॅप्टन. लबाड आहे तो. गावभर मला तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस."

काटोने चाक फिरवलं, थांबवलं. "मग त्या दिवशी तू हात पसरून मला काय सांगत होतास?"

"ते कॅप्टन पसरतो. दुसरा. जीव वाचवायला."

"आणि डोळ्यांतलं पाणी?"

"दाढ," वास्वा म्हणाला.

काटोने मान खाली घातली आणि पुन्हा तारा आवळायला लागला. चाक केव्हाच सरळ झालेलं होतं. आपण जे बोललो त्यात खोटं काही नव्हतं, तरी काहीतरी चुकलं, असं वास्वाला वाटत होतं. पण काय ते त्याला सांगता येईना. तो घरी गेला आणि रविवारी सगळं मिटवायचं ठरवून पुढचा भाग दोनदा बघून बसला.

त्या रविवारी शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. ज्यांनी कधी जहाज बघितलं नव्हतं तेही आले होते. पुढच्या बाकावर कवेसी आजोबा आणि त्यांच्या शेजारी नालोंगो बसली. आपल्या मुलाचं जहाज बघायला ती घडीचं गोमेसी नेसून आली होती. काटो बाहेर फणसाखालीच होता; शेडच्या भोंग्यातून त्याला सगळं ऐकू येणार होतं, त्याची इच्छा असो वा नसो.

वास्वाने माईक घेतला आणि आधीच सांगून टाकलं की मागच्या खेपेला चूक झाली. हा भाऊ नाही. मागून कुणीतरी विचारलं, मग त्यांची आई कुठेय. वास्वा म्हणाला आई नाहीच आहे, ती इंजिनिअर आहे. यावर एवढा गलका झाला की पुढचं बोलणं वाहून गेलं. मागच्या रविवारी ज्या बाईला श्वास दिलेला सगळ्यांनी बघितला, ती आई नसेल तर तो प्रकार काय होता, असा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर वास्वाला मुलाबाळांसमोर देता येईना. तो पुढे रेटत राहिला. हा लबाड आहे म्हणाला, ढोंगी आहे म्हणाला. जितक्या शिव्या तो दुसऱ्याला देई, तितके लोक पडद्याकडे न बघता त्याच्याकडे बघू लागले.

मग ती जागा आली. पहिला कॅप्टन दुसऱ्याला जहाजाच्या दारापर्यंत ढकलत नेतो. दाराबाहेर काळोख. दुसरा हात पसरतो. पहिल्याचा हात दाराच्या दांड्यावर. एक हिसका, आणि दुसरा कायमचा बाहेर. वास्वाने हे दोनदा बघितलं होतं आणि दोनदा त्याला ते छान वाटलं होतं.

नालोंगो उठून उभी राहिली. तिने पडद्याकडे बघितलं, माईकपाशी बसलेल्या मुलाकडे बघितलं, पुन्हा पडद्याकडे बघितलं. यातलं जहाज कोणतं आणि मुलगा कोणता, हे तिला अजून उमगलं नव्हतं.

"वास्वा," ती म्हणाली, "भावाला आत घे."

पडद्यावर दार उघडलं. दुसरा कॅप्टन काळोखात लोटला गेला आणि हळूहळू लहान होत चालला. वास्वाला माईकमध्ये सांगायचं होतं की लबाडाचा शेवट झाला. वाक्य तयार होतं. त्याने तोंड उघडलं, आणि दाढेच्या खड्ड्यात हवा शिरून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. किंवा दुसऱ्या कशाने आलं असेल. त्याचं त्यालाही नंतर नक्की सांगता आलं नाही.

"कॅप्टन त्याला ढकलत नाहीये," तो म्हणाला. "धाकटा रागावून चाललाय. कॅप्टन दारातून त्याला हाक मारतोय. म्हणतोय, तुला न विचारता मी खुर्चीत बसलो. मग इतके दिवस झाले की विचारायची लाज वाटायला लागली. जाऊ नकोस."

बाहेर सायकलचा पंप चालू होता तो थांबला.

पडद्यावर दुसरा कॅप्टन पाठमोरा, दूर दूर जात होता. त्याचं तोंड दिसत नव्हतं. सेकिट्टोला राहवेना.

"मग तो उत्तर का देत नाही?" त्याने विचारलं.

वास्वाने पडद्याकडे बघितलं. तिथे आता नुसता काळोख होता आणि काही चांदण्या. तेवढ्यात शेडच्या मागच्या दारातून त्याचाच आवाज आला, माईकशिवाय.

"ऐकू येतंय," आवाज म्हणाला. "विचार करतोय."

सगळ्या माना वळल्या. दारात काटो उभा होता, हाताला ग्रीस माखलेलं. लोकांनी माना पुन्हा पडद्याकडे वळवल्या, पुन्हा दाराकडे. मग कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. नालोंगो बाकावर थोडी सरकली आणि शेजारी जागा करून दिली. काटो आत आला. कवेसी आजोबांनी काठीवर हनुवटी टेकवून समाधानाने डोळे मिटले; निवाडा त्यांनी केला असंच त्यांना शेवटपर्यंत वाटत राहिलं.

आता अडचण अशी झाली की मालिकेतला दुसरा कॅप्टन खरोखरच मेला होता. पुढच्या एकाही भागात तो येणार नव्हता, आणि लुकाया त्याची वाट बघत होतं. वास्वाने दोन दिवस डोकं खाजवलं. मग त्याने दुसरा माईक आणला. पुढच्या रविवारी त्याने जाहीर केलं की धाकट्याला आता स्वतःचं जहाज मिळालंय. ते मागून येतंय, चित्रात दिसत नाही, पण रेडिओवर बोलणं चालू असतं. कॅप्टन रॉर्क पडद्यावर एकटाच खिडकीबाहेर बघत काही बोलला की वास्वा ते सांगे, आणि शेजारी बसलेला काटो धाकट्याच्या वतीने उत्तर देई. डावीकडे वळ म्हटलं की धाकटा उजवीकडे म्हणे. आईला कुणाच्या जहाजात ठेवायचं यावरून तर पुढचे तीन भाग त्यांची हमरीतुमरी चालली. शनिवारी दोघं मिळून भाग बघत आणि रविवारी काय भांडायचं ते ठरवत. तरी ऐन वेळी न ठरवलेलंच जास्त बोललं जाई. लोक थेट मसाका शहरातून येऊ लागले.

ब्यारुहांगा सरांना मात्र दोन कॅप्टन असलेल्या त्या भागांची रुखरुख लागून राहिली होती. सुट्टीत कंपालाला गेले तेव्हा त्यांनी खटपट करून मालिकेचे सगळे भाग मिळवले. घरी दार लावून, वही-पेन हाताशी ठेवून, त्यांनी ते मूळ इंग्रजीत सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघितले. पहिला दिवस त्यांना काही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी काही भाग पुन्हा लावले, कान देऊन ऐकले.

पुढच्या रविवारी ते जरा लवकरच शेडवर आले. तिकिटांपाशी नासुना एकटी आहे असं बघून ते जवळ गेले आणि आवाज खाली करून म्हणाले, "फसवलं हो मला त्या दुकानदाराने. प्रत कापलेली आहे. धाकट्या भावाचं एकूण एक बोलणं काढून टाकलंय."

नासुनाने हळहळून मान हलवली आणि त्यांना पुढच्या बाकावर जागा दिली.